परतीच्या पावसात माथेरानची लाईन

मी नेरळ-माथेरान लाईनवर ट्रॅक बघतो. म्हणजे रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार), खडी, भिंती, गटारं सगळंच. लोकांना गाडी दिसते, वळणं दिसतात, खिडकीतून दरीचा फोटो मिळतो, आणि मिळायलाच हवा, इतकी देखणी लाईन आहे ही. आमची नजर मात्र पाण्यावर. वरून येणारं पाणी कुठून रुळाखाली शिरतंय आणि कुठून बाहेर पडतंय, हे कळलं की निम्मी लाईन कळली असं मी नव्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो.

दरवर्षी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळ ते अमन लॉज, म्हणजे माथेरानच्या अलीकडच्या स्टेशनापर्यंत, गाडी बंद असते. वर फक्त अमन लॉज-माथेरान शटल चालू. अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी न्यायला बंदी आहे, त्यामुळे त्या छोट्याशा टप्प्यावर गावातली म्हातारी माणसं आणि सामानसुमान बरंचसं शटलच्या भरवशावर असतं. पावसाळा संपला की आम्ही पूर्ण घाट पायी तपासतो, दरडी काढतो, पॅकिंग करतो, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून भरतो, आणि मगच खालून गाडी सोडतात.

त्या वर्षी घाट नुकताच उघडला होता, हवा छान पडली होती, गाडी फुल्ल जात होती आणि एका दुपारी परतीचा पाऊस असा काही कोसळला की समोरचं वळण दिसेना. मी, गँगचे मुकादम आणि कीमन, म्हणजे रोज रूळ तपासत चालणारा माणूस, घाटातल्या जुम्मापट्टी स्टेशनाच्या वरच्या अंगाला होतो. तिथे दरीच्या बाजूला दगडी भिंत आहे, तिच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं सोडलेली असतात. पाऊस असला की भोकांतून पाणी येणारच, येत नसेल तर उलट काळजी. पण मुकादम वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, पानी बघा जरा. मघाशी नितळ होतं."

मी ओंजळ धरली. पाणी लालसर गढूळ, आणि ते सांडून दिल्यावर तळहातावर बारीक वाळू आणि मातीचे कण राहिले. म्हणजे भिंतीच्या मागचा भराव धुपून पाण्याबरोबर बाहेर येत होता. वरून बघाल तर रूळ एकदम सरळ, खडी जागच्या जागी, कुणालाही शंका येणार नाही.

खाली येणारी गाडी थोड्याच वेळात अमन लॉज सोडणार होती. त्या खोबणीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून कीमनला वरच्या वळणाकडे पळवलं, तिथे रेंज मिळते. इकडे मुकादमांनी लाल झेंडा लावला आणि पुढे रुळावर फटाके (चाक वरून गेलं की मोठा आवाज करून ड्रायव्हरला सावध करणारे) बांधले, कारण निरोप पोचला नाही तर ड्रायव्हरला वळणापलीकडचं काही दिसत नाही. आणि इथे चढ काही ठिकाणी १:२० आहे, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, अशा उतारावर भरलेली गाडी ऐनवेळी थांबवायला लावणं बरं नव्हे. निरोप पोचला, गाडी वरच थांबवली. पॅसेंजर वैतागले असणारच, त्यांना दस्तुरीवरून टॅक्सीने खाली जावं लागलं.

पाऊण-एक तासाने भिंतीचा एक भाग पोट फुगल्यासारखा पुढे आला आणि दगड धडधडत दरीत गेले, मागोमाग माती, खडी. रूळ तसेच राहिले, स्लीपर त्यांना लटकलेले आणि खाली पोकळी. आम्ही तिघं काही बोललो नाही. मुकादमांनी फक्त टोपी काढून परत घातली.

रात्रभर गँगने वाळूच्या गोण्या आणि दगड भरले, मग आधार देऊन पॅकिंग केलं. पण त्याआधी आम्ही रुळाच्या वरच्या अंगाचं गटार शोधलं, तर ते दगड-पालापाचोळ्याने बुजून सगळं पाणी थेट भरावात शिरत होतं. ते आधी मोकळं केलं, नाहीतर रात्रभर भरलेलं सगळं पुन्हा वाहून गेलं असतं.

ही लाईन अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधली, पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. १९०४ ला काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू झाली, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फक्त दोन फूट, लांबी २१ किलोमीटरच्या आसपास. डोंगराशी जुळवून घेत, वळणं घेत वर नेलीये, सगळ्या लाईनवर बोगदा एकच. पण पाण्याने तिला वेळोवेळी गाठलंय. २००५ च्या जुलैतल्या पावसानंतर ती २००७ ला, शंभर वर्षं पूर्ण होताना, परत सुरू झाली. २०१९ च्या पावसात पुन्हा बंद पडली आणि पूर्ण मार्गावर गाडी धावली ती थेट २२ ऑक्टोबर २०२२ ला. लोक नवे डबे मागतात, मागू देत, चांगलंच आहे, पण माझ्या हातात पैसा असता तर पहिला रुपया मी गटारांवर घातला असता.

दुरुस्तीनंतर आधी नुसतं इंजिन नेलं, आम्ही बाजूने चालत रुळाचा दाब बघत होतो. स्लीपर दबला नाही. मग पॅसेंजर गाडी कॉशन ऑर्डरवर, म्हणजे हळू चालवण्याच्या लेखी सूचनेवर, चालत्या माणसाच्या वेगाने सोडली. भिंत नंतर नव्याने जाळीत दगड भरून बांधली आणि वरचं गटार रुंद केलं. आता तिथे पावसाळ्यात मुकादम दर खेपेला भोकांपाशी थांबतात, नव्या ट्रॅकमनला ओंजळ धरायला लावतात.