आयएनएस दीपकचं १:३५० मॉडेल: मास्ट आणि होस

आयएनएस दीपक हे भारतीय नौदलाचं, इतर जहाजांना इंधन पुरवणारं जहाज. मूळ जहाज १७५ मीटर लांब, २५ मीटर रुंद. म्हणजे ३५० पट लहान मॉडेल ५०० मिमी बाय ७१ मिमी. हल, म्हणजे जहाजाचं धड, सोपा आहे. खरं कसब लागतं ते भर समुद्रात दुसऱ्या जहाजाला इंधन देणाऱ्या मास्टांना, म्हणजे डेकवरच्या उभ्या खांबांना. ते प्लॅस्टिकच्या काडीचे करू नका, दोरे ताणले की वाकतात. ०.८ मिमीची पितळी तार घ्या, सांधे सोल्डर करा. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने शेजारच्या भागांवर पांढरी झाक चढते. डेकला ०.९ मिमीचं भोक पाडून तार ५ मिमी आत उतरवा.

मास्टांवरून लोंबणारे होस, म्हणजे इंधनाच्या नळ्या, जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारेचे फार सुंदर होतात!

वडोदऱ्यात मे महिन्यात एअरब्रशचा ॲक्रिलिक रंग वाटेतच सुकतो, खरखरीत बसतो. भल्या सकाळी, दोन थेंब रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) घालून मारा. पावसाळ्यात लॅकर नकोच, दमट हवेने दुधाळ होतो.