तारकागुच्छांची वयं काढताना

एम ७४ या सर्पिल दीर्घिकेतल्या तरुण, वजनदार गुच्छांची वयं काढायची ठरवली. म्हणजे साधारण १० कोटी वर्षांहून लहान आणि १० हजार सूर्यांहून जड गुच्छ. हबल अवकाश दुर्बिणीच्या खुल्या संग्रहात, अतिनीलपासून लालच्या टोकापर्यंत, पाच फिल्टरमधल्या प्रतिमा आयत्या मिळतात. पुढचं काहीच आयतं नसतं.

आधी गुच्छ कुठला आणि एकटा तारा कुठला, हे ठरवायचं. दीर्घिका ३ कोटी प्रकाशवर्षांहून दूर. तिथे एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६ प्रकाशवर्षं, आणि गुच्छाचा निम्मा प्रकाश येतो दहाएक प्रकाशवर्षांच्या त्रिज्येतून. दोन्ही ठिपकेच. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश १ आणि ३ पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळांत मोजला. ताऱ्याच्या बाबतीत फरक कमी येतो, पसरट गुच्छाच्या बाबतीत जास्त. तरी चिकटून दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या गुच्छ म्हणून घुसतातच. त्या एकेक ठिपका मोठा करून हाताने काढल्या. कंटाळवाणं काम, पण नजर तयार होते ती इथेच.

खरी गोची वयाची. पाच फिल्टरमधून निघालेले रंग गुच्छांच्या संगणकी मॉडेलशी ताडून वय काढायचं. गुच्छ लालसर दिसला तर तो जुना असेल, नाहीतर धुळीत गुरफटलेला नवजात. त्यात १ कोटी वर्षांच्या आसपास लाल महाराक्षसी तारे (आयुष्याच्या शेवटाकडे फुगलेले जड तारे) उगवतात आणि रंग झपकन बदलतो. मॉडेल तिथे अडखळतं, आणि वयाच्या आलेखात काही ठिकाणी गर्दी तर काही ठिकाणी रिकामी पट्टी दिसते. ती पट्टी निसर्गातली समजायची नाही.

सर्पिल भुजेतल्या एका गुच्छाला रंगांवरून दोन वयं निघाली: धूळ नसेल तर काही कोटी वर्षं, धूळ असेल तर ४०-५० लाख. मग हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे तापलेल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशातली, प्रतिमा उघडली. भोवती तेजाळलेल्या वायूचं कडं, मधे पोकळ. हायड्रोजनला असं पेटवणारे जड, तप्त तारे १ कोटी वर्षंसुद्धा टिकत नाहीत, तेव्हा लहान वयच खरं. पोकळीही बोलकी होती: तीव्र प्रारणाने आणि ताऱ्यांच्या वाऱ्यांनी वायू बाहेर लोटला जातो, पहिला अतिनवतारा (आयुष्याच्या शेवटी स्फोट होणारा जड तारा) फुटण्याआधीच हे सुरू होतं. वायूपैकी थोडाच भाग ताऱ्यांत बदललेला असेल, तर बाकीचा वायू निघून गेल्यावर उरलेल्या गुरुत्वाकर्षणाला तारे धरून ठेवणं जमत नाही आणि गुच्छ विखुरतो. वायूत जन्मलेल्या बहुतेक गुच्छांची हीच गत होते.

वस्तुमानाचं गणित त्यामानाने सरळ. वस्तुमान दहापट वाढलं की गुच्छांची संख्या साधारण दहापट घटते, हे माझ्या यादीतही दिसलं. फक्त ५ हजार सूर्यांखालच्या आकड्यांवर विसंबू नये. तिथे एखादाच लाल महाराक्षसी तारा सगळा रंग फिरवतो.

जुने हलके गुच्छ यादीत नाहीत म्हणून ते विखुरले, असंही म्हणता येत नाही. वयाबरोबर गुच्छ मंदावतो आणि दिसेनासा होतो. त्यामुळे विखुरण्याच्या हिशेबात १० हजार सूर्यांवरचेच ठेवले. आता तोच भाग वेब दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांत तपासतोय. धुळीत पुरते बुडालेले, हबलला न दिसलेले गुच्छ तिथे सापडतात.