तारण घराला बँकेची नोटीस आली, तेव्हा पत्नी म्हणून मी काय केलं: माझा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरचा आमचा फ्लॅट यजमानांच्या धंद्याच्या कर्जाला तारण होता. हप्ते थकले, 90 दिवस उलटले, खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत) झालं आणि सरफेसी कायद्याच्या, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) ची नोटीस आली. पैसे भरायला 60 दिवस.

पहिलं काम कागद गोळा करण्याचं. दुय्यम निबंधक कार्यालयातून इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि खरेदीखताची नक्कल काढली. मंजुरीपत्र, गहाणाचे कागद, जामीनपत्र आणि खातेउतारा बँकेकडे लेखी अर्ज करून मागितला. आपलं नाव कोणत्या कागदावर, कोणत्या नात्याने आहे, यावरच पुढचं सगळं ठरतं. मी खरेदीखतात सहमालक होते आणि बँकेकडे जामीनदार. या कायद्यात जामीनदारही 'कर्जदार'च. म्हणून नोटीस माझ्यावर स्वतंत्रपणे बजावायला हवी, पण थकबाकीची जबाबदारीही माझ्यावर येते.

पत्नी सहमालक असून गहाणावर तिची सहीच नसेल, तर तिचा हिस्सा नवऱ्याला परस्पर गहाण टाकता येत नाही. हा सगळ्यांत भक्कम मुद्दा. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर, त्याच्या कमाईचं असेल, तर तो हयात असताना केवळ लग्नामुळे बायकोला त्यात मालकी मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 राहण्याचा हक्क देतो, पण तो नवरा आणि सासरच्यांविरुद्ध. त्याच्या भरवशावर बँकेचा लिलाव थांबेल असं धरून बसू नका. या समजुतीत मोलाचे दिवस जातात, म्हणून स्पष्ट लिहिते.

60 दिवसांच्या आत कलम 13(3A) खाली लेखी हरकत घेता येते. बँकेने 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. 'आमची परिस्थिती बिकट आहे' एवढ्याने काही होत नाही. कोणत्या तारखेचा भरणा जमा दाखवला नाही, दंडाची रक्कम कुठे जास्त लागली, नोटीस कोणाला मिळालीच नाही, हे आकड्यांनिशी लिहावं. स्पीड पोस्टाने पाठवावं आणि शाखेत एक प्रत देऊन पोच-शिक्का घ्यावा. हरकत फेटाळली एवढ्या कारणावर मात्र डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येत नाही.

ते दार उघडतं ताबा नोटिशीनंतर. ती घराच्या दारावर चिकटवतात आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा बहुतेक वेळा कागदोपत्री ताबा असतो, लगेच सामान बाहेर निघत नाही. विरोध झाला तर प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. डीआरटीतल्या कलम 17 खालच्या अर्जाची 45 दिवसांची मुदत मात्र ताबा नोटिशीपासूनच धावू लागते. दारावरच्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. कलम 34 मुळे अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाचा रस्ता जवळपास बंद आहे आणि डीआरटी नाशिकला नाही, तेव्हा प्रवासाचे दिवसही हिशेबात धरा. वकिलाची फी परवडत नसेल, तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

सगळ्यांत जास्त घरं जातात ती एका चुकीच्या समजुतीने: लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरता येतात, ही. 2016 च्या दुरुस्तीनंतर पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. त्यानंतर बँक ऐकेल, पण स्वतःच्या मर्जीने. लिलावाच्या नोटिशीची मुदत 30 दिवसांची असते, तो लिलाव फसला तर पुढच्या वेळी 15 दिवसांची. म्हणून आम्ही तडजोडीचा प्रस्ताव ताबा नोटीस लागताच दिला. मंजुरीपत्र दोघांच्या नावे घेतलं, त्यात शेवटची तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द घालून घेतले, आणि जाहिरातीआधी रक्कम भरली. तोंडी कबुलीवर एक रुपयाही भरू नये.

घर विकलंच गेलं, तर कर्ज आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम हक्कदाराला मिळायला हवी (कलम 13(7)). सहमालक असाल तर आपल्या हिश्श्याची मागणी लिलावाआधीच लेखी नोंदवा.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर हे कलम-क्रमांक लागू नाहीत. तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघतो आणि दाद मागायची जागाही वेगळी, त्यामुळे नोटिशीच्या माथ्यावर कोणता कायदा लिहिलाय ते आधी वाचा.

पैसे भरल्यावर नादेय दाखला, मूळ खरेदीखत आणि जामीनपत्र रद्द केल्याचं पत्र मी एकाच दिवशी घेतलं. दुय्यम निबंधकाकडची गहाणाची नोंद कमी करून घ्यायला वेगळी फेरी लागली.