तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनने दिलं काय?

"इतके मोर्चे केलेत, मिळालं काय?" मी विडी वळणारी, म्हणून रिक्षावाल्यापासून जावयापर्यंत सगळे विचारतात. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या माझ्या घराकडे बोट दाखवलं की म्हणतात, ते सोडून सांगा. का सोडू? गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती विडी कामगारांची १० हजार घरं आमचे पुढारी आडम मास्तर यांच्या मागे लाल बावटा धरून उन्हात बसल्याशिवाय झाली का? २००६ साली किल्ल्या द्यायला पंतप्रधान आले, तेव्हा टाळ्या तुम्हीही वाजवल्यात.

बरं, सोडलं. छाटीचं सांगते, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढतात त्याचं.

त्या पावसाळ्यात कारखान्याने विडी वळायला तेंदूचं पानच सडकं दिलं होतं. विड्या द्यायला गेले तर माल तपासणाऱ्या चेकरने मूठभर नाही, कट्टेच्या कट्टे बाजूला सारले. मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत. मी म्हटलं, खराब आहेत तर माझ्या मला द्या. तो हसला. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी तेलुगूत ओरडली, किती काढल्यास ते मोजून सांग! मग एकेकीने टोपली खाली ठेवली. संध्याकाळपर्यंत कुणी एक विडी दिली नाही. शेवटी मॅनेजरने माझ्या निम्म्या विड्या चांगल्या धरल्या. निम्म्याच.

पुढच्या आठवड्यापासून मला पान बंद. इतर बायकांना मिळायचं, माझी पाळी आली की संपलेलं. युनियनने अर्ज केला. छाटीच्या तक्रारीची सोय तेव्हा १९६६ च्या विडी कायद्यात होती, पण कायद्यात असतं ते तारखांवर तारखा खात बसतं. तोवर मी जावेच्या पुस्तकावर, म्हणजे तिच्या नावाने, विड्या वळल्या. पैसे ती देईल तेवढे. त्या ओरडलेल्या म्हातारीच्या घरी मात्र पान जातच होतं, आणि त्याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

निकाल लागलाच नाही. एक दिवस अचानक पान मिळालं. तेव्हा मी गल्लीभर सांगितलं, युनियन जिंकली. आता वाटतं, दिवाळीआधी मालकाला माल हवा होता, एवढंच असेल. पण मग पी.एफ.? घरी वळणारी बाई कामगारच नाही म्हणत मालक सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८५ साली हरले. ते काय दिवाळीमुळे?

विडी वाईट, हे मला शिकवू नका. तंबाखूची धूळ माझ्याच छातीत आहे.

सून युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते. तिथे युनियन नाही. पीसमागे पैसे कापले की घरी येऊन मला सांगते. तिला बोल म्हणू की गप्प बस म्हणू, माझं अजून ठरत नाही.