बेदाण्यांनी धाप का लागते?

दमा मला लहानपणापासूनचा. धूळ, थंडी, उदबत्तीचा धूर ही कारणं घरात सगळ्यांना पाठ. पण गेल्या उन्हाळ्यात बाटलीतलं लिंबू सरबत प्यायलं की छातीत घरघर सुरू व्हायची. घरचे म्हणायचे, गारवा बाधला. मग बेदाणे घातलेला गरम शिरा खाऊनही तेच का व्हावं?

छातीच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली: काय खाल्लं, त्रास किती वेळाने झाला, पंप लागला का. वही चाळून त्यांनी घरातली पाकिटं आणि बाटल्या मागवल्या. सरबताच्या बाटलीवर बारीक अक्षरांत २२४ हा टिकवणाऱ्या पदार्थाचा आकडा होता. म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. घरी स्क्वॅश करणाऱ्या बायकांची केएमएस पावडर हीच. २२० ते २२८ हे सगळे आकडे सल्फाइटचे, म्हणजे खाणं टिकवायला वापरतात त्या गंधकाच्या संयुगांचे. आंबट पेयात त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, घोट घेताना तो श्वासात जातो आणि नाजूक श्वासनळ्या आवळतात. बेदाण्यांचंही तेच. सांगली-तासगावकडे पिवळ्या बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात.

हा त्रास दम्याच्या सगळ्याच रुग्णांना होत नाही; शंभरात तीन ते दहा जणांना होतो असं मानतात. त्वचेवरच्या चाचणीत तो बहुतेक वेळा सापडत नाही. म्हणून खात्री हॉस्पिटलमध्ये केली. थोडं थोडं सल्फाइट वाढवत पाजायचं आणि दर वेळी नळीत जोरात फुंकायचं. पडद्यावरची श्वासाच्या जोराची रेघ खाली यायला लागली तशी सिस्टरने नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावला. हे घरी करून बघू नका, जिवावर बेतू शकतं.

नाव सारखं वाटलं म्हणून सल्फाची औषधंही (एक प्रकारची अँटिबायोटिक्स) बंद करायची का, असं मी घाबरून विचारलं. त्यांचा याच्याशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आता सरबताला ताजं लिंबू किंवा नुसत्या मिठातलं कोकम आगळ. केशरी जर्दाळू बंद, धुरी न दिलेले काळपट चालतात. पाकीटबंद मालात किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे निभावतं. अडतं ते सुट्या मालापाशी. वाण्याला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, एक नंबर माल आहे." गंधक लावलाय का, हे त्यालाही माहीत नसतं. सुट्या बेदाण्याच्या डब्यावर तेवढी एक चिठ्ठी लावायला काय हरकत आहे?