खारपाणातली दुपार

अंजनगाव सोडताना शकुंतला रेल्वेचे रूळ ओलांडले तेव्हा टाळ असे रंगात आले होते की कोणी खाली पाहिलंसुद्धा नाही. गाडी बंद पडलीय, रुळांत गवत माजलंय, पण ही लाईन गोऱ्या कंपनीनं टाकली ती आपल्या वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला न्यायला.

शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या ह्या दिंडीत बाबा दरवर्षी चालायचे, पताका त्यांच्याच खांद्यावर. २०१७ नंतर आले नाहीत. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचे. पण मला माहिती आहे, त्या साली बोंडअळीनं वावर खाल्लं, कर्ज थकलं, दोन एकर विकावं लागलं आणि बाबांनी मनाशी धरून ठेवलं की आपण दोन फवारण्या कमी मारल्या म्हणून हे झालं, मग दिंडीत कोणी 'कापूस किती झाला गा' विचारलं तर काय तोंड दाखवायचं.

अकोट झालं, शाळेत मुक्काम झाला, कीर्तन छान झालं. दुसऱ्या दिवशी मागच्या ट्रॅक्टरवर एका पोरानं डीजे लावला, अभंग ऐकूच येईना, विणेकरी काका सांगून थकले. माझं तर डोकंच उठलं. देवाच्या वाटेवर असं कोणी वागतं का?

पूर्णेकडं उतरलं की खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा, तीन जिल्ह्यांत पसरलेला, जमिनीखालचं पाणी खारट, ना पिकाला चालत ना माणसाला. दुपारी डांबर तापलेलं, डाव्या टाचेला फोड आलेला, दिंडी पुढं निघून गेली आणि मी मागं एकटी, गण गण गणात बोते म्हणत पाय ओढत होते पण खरं सांगते, रडू येत होतं.

रस्त्याच्या कडेला एका घरापुढं म्हातारी हरभरा झोडत होती. मला पाहून काठी टाकली. "बस वं माय, पाय दाखव तुहा."

पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी मागं ओढला, आजीच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा, तर म्हणाली, "वारकऱ्याचा पाय हाय, राहू दे." सुईत पांढरा दोरा ओवला, सुई दिव्यावर धरली, फोडाच्या एका बाजूनं घालून दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वरून हळद-तेल. मग घरातून तांब्या आणला. "हे नळाचं हाय, वानच्या धरणाचं, गोड. हापशीचं नको पिऊ."

नळ कधी येतो विचारलं तर म्हणाली येते तवा येते. म्हणजे साठवलेल्यातलं मला दिलं. त्या घोटाला मला महाराजांनी पाण्यानं भरलेली अकोलीच्या भास्कर पाटलाची कोरडी विहीर आठवली, अंगावर काटा आला.

तिचा मालक मरेपर्यंत म्हणत होता आपल्याच वावराले कोनाचा तरी तळतळाट लागला. आजूबाजूला शेकडो गावं तशीच खारी, तरी तो माणूस आपलंच काहीतरी चुकलं म्हणत गेला. मला तिथंच बाबा दिसले.

संध्याकाळी दिंडी गाठली आणि मीच एकेकाला २०१७ चं विचारत सुटले. विणेकरी काकांचं गेलं होतं, स्वयंपाकाच्या मावशींचं गेलं होतं, पताकावाल्या दादांनी तर उभी पऱ्हाटी ट्रॅक्टरनं मोडली होती. विदर्भभर तेच. २००६ ला आलेलं बीजी-टू, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं कापसाचं बियाणं, गुलाबी अळीला पुरेनासं झालं होतं आणि ही अळी एकदा बोंडात शिरली की फवारा पोचतच नाही तिच्यापर्यंत. आणखी दोन फवारण्या मारून बाबांची अळी थोडीच मरणार होती! १८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, तर इथं कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपलं तसा भाव पडला, तेव्हाही एखादा पणजोबा स्वतःलाच दोष देत बसला असेल.

शेगावला पोचलो, दर्शन झालं, झुणका-भाकर खाल्ली. समाधीपुढं काहीच मागता आलं नाही, नुसती उभी राहिले.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लोकाईचं राहू दे, म्या दोन फवारण्या कमी मारल्या हे खरं हाय न?"

मी भांडले नाही. काकांना रविवारी घरी जेवायला बोलावलंय, मावशींनाही. त्यांच्या तोंडून ऐकू दे.