गळ्यापाशी बोटभर फट

दुकानात ब्लाउजच्या ढिगाशेजारी काळी जाळी लावलेल्या टोप्या टांगलेल्या असतात. त्या बघून निम्मी गिऱ्हाइकं विचारतात, "हे काय?" मी मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी तोंडावरच्या जाळ्या आणि अंगभर सूट शिवते. कसब्यातलं दुकान तसं चिंचोळंच, पण हे काम आता बारा महिने असतं. याचं श्रेय सरांना. सर शिकले गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत. खादी ग्रामोद्योग आयोगाची ही संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, आणि तिथून दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांवर राहून मला तिचा पत्ता नव्हता. निवृत्तीनंतर सर पौडजवळच्या एका शेतावर नवशिक्यांना शिकवतात. मला अधूनमधून मुद्दाम बोलावतात. शिवणाऱ्याने आपले कपडे कामावर बघावेत, असं त्यांचं म्हणणं.

फेब्रुवारीतला रविवार होता. शेवगा फुललेला, आंब्याला मोहोर. हिंजवडीत नोकरी करणारी तीन-चार मुलं, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी आणि शिरूरकडचे एक आबा, असे सगळे जमले होते. आबा कांद्याचं बी घेतात. त्यांना मधाशी काही देणंघेणं नव्हतं. गोंड्यांवर माशी बसली पाहिजे आणि बी भरलं पाहिजे, बस्स. मावशींनी सगळ्यांसाठी केळी आणली होती, ती सरांनी गाडीतच ठेवायला लावली. मावशींना ते लागलं, पण सरांनी कारण लगेच काही सांगितलं नाही. त्यांनी आधी प्रत्येकाला विचारलं, पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का. मग एक गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करायला सांगितली. चावी गाडीतच.

मुलांपैकी एकाने सगळा सरंजाम ऑनलाइन मागवून आणला होता. सूट, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, माश्यांवर धूर सोडायचं धुराडं, ब्रश, झाकण उचकटायची पटाशी, पोळ्याच्या लाकडी चौकटींचा गठ्ठा, आणि वर मध काढायचं यंत्र. पदरी माशी एक नव्हती, पण मध काढायचं यंत्र तयार. सरांनी त्याची एक चौकट उचलून पेटीवर धरली. ती पेटीच्या कडेबाहेर चांगलीच आली. "ही मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी माशीच्या पेटीची. आपल्या इथल्या सातेरी माशीचं घर लहान असतं." पोरगा म्हणाला, "पण सर, किटमध्ये होती." किटमध्ये होती म्हणजे लागणारच, असा या पिढीचा भाबडा हिशेब असतो.

त्याच्या धुराड्यात कागद होता, तो भुर्रकन पेटून विझला. सरांनी गोणपाटाचे तुकडे आणि सुकं शेण भरलं, खालून पेटवलं, नीट धुमसू दिलं आणि वर मूठभर ओलं गवत ठेवलं. भाता दाबून धूर आधी स्वतःच्या मनगटावर सोडला. चटका बसत नव्हता. "तुमच्या कातडीला सोसेल एवढाच धूर माशीला द्यायचा. धूर लागला की माश्या पोटात मध भरून घेतात, आणि एकीने सोडलेला धोक्याचा वास दुसरीपर्यंत पोचत नाही. जाळी आणि हे धुराडं, या दोन गोष्टींवर पैसे खर्च करा. बाकी घरातलं चालतं."

माझं लक्ष सूटवर होतं. कापड चांगलं होतं, पांढरं जाड कॉटन. शिलाईही बरी. पण तोंडावरची जाळी पांढरी होती. उन्हात पांढरी जाळी चकाकते आणि पलीकडची अंडी, अळ्या काही धड दिसत नाही. समोरची जाळी काळीच हवी. आणि सूट अंगासरशी.

"मस्त बसलाय ना काकू?"

"तेच वाईट आहे. खाली बसून दाखव."

तो उकिडवा बसला तशी गुडघ्यांवर आणि पाठीवर कापडाला तणाव्यासारखा ताण बसला. काटा कापडातून आत जातो तो अशाच जागी, कातडी आणि कापड चिकटतं तिथे. म्हणून मी मापापेक्षा चार बोटं सैल शिवते, आणि कितीही उकडलं तरी आत पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट घालायला लावते. याच्या आत बर्म्युडा होती. मी त्याला आबांची जादा पायजमा-जोडी चढवायला लावली. हनुवटीखाली दोन्ही बाजूंच्या झिपा येऊन मिळतात, तिथे वरून एक पट्टी असते. ती मी स्वतः दाबून बंद केली.

सरांनी पेटी उघडली. तोंडावर जाळी, हात उघडे. सातेरी डिंक फारसा जमवत नाही, त्यामुळे झाकण पटाशी लावल्याबरोबर सुटलं. त्यांनी एक चौकट सावकाश वर काढली आणि राणी दाखवली. नंतर पोराची पाळी. त्याने त्या जाड मोज्यांनी चौकट दोन्ही कानांना धरून उचलली. मोज्यात बोटाला काही कळत नाही. त्याच्या अंगठ्याखाली एक माशी चेंगरली, ते मला दिसलं, त्याला नाही.

पेटीचा आवाज बदलला. आधी एकसुरी गुणगुण होती, ती तार ओढल्यासारखी चढली. तो चौकट परत ठेवायला खाली वाकला, पाठ ताणली, पट्टी सुटली, आणि क्षणात एक माशी त्याच्या जाळीच्या आतल्या बाजूने फिरताना दिसली.

त्याचे दोन्ही हात झिपेकडे गेले. मी ते मनगटाला धरूनच ठेवले.

"उघडू नकोस. बाहेर पन्नास आहेत, आत एक आहे. चल माझ्याबरोबर."

"काकू, कानापाशी आहे!"

"असू दे. डोळे मीट आणि चाल."

सर मागून धूर सोडत होते. आम्ही दोघं शेताच्या टोकाला जांभळाखाली गेलो, तोवर तिने कानाच्या पाळीला डसून घेतलं होतं. सावलीत मागे लागलेल्या माश्या उरल्या नाहीत, तेव्हा जाळी काढली. पाळीवर काटा रुतलेला, त्याच्या टोकाला विषाची इवलीशी पिशवी, आणि ती पिशवी माशी गेल्यावरही एकटीच हलत होती, आकसत होती, पुन्हा फुगत होती. चिमटीत धरली तर सगळं विष आत, म्हणतात. सर म्हणतात, कसाही काढा पण लगेच काढा. मी नखाने खरवडून टाकला. सरांनी आधी त्या जागेवर धूर सोडला आणि मग मावशींना जवळ बोलावलं. "चेंगरलेली माशी होती त्या मोज्याचा वास घ्या." मावशींनी घेतला. "अगं बाई, पिकलेलं केळं!" धोक्याच्या वासातला मुख्य पदार्थ तोच, केळ्याच्या वासाचा. मावशींचा राग तिथे गेला.

पोराला अर्धा तास गाडीजवळ बसवलं. कान भोपळ्याच्या बोंडासारखा सुजला, पण श्वास, ओठ, घसा ठीक. अंगावर गांधी नाहीत. यातलं एक जरी दिसलं असतं तर सर त्याला थेट पौड रस्त्याने दवाखान्यात नेणार होते, कांदा-तुळस लावत बसणार नव्हते.

तो बसला होता तेवढ्या वेळात मी त्याचा सूट मांडीवर घेतला. झिपांच्या मिलनाशी माझी तर्जनी आरपार गेली. पट्टीची चिकटणारी बाजू जेमतेम नखाएवढी होती, अंग ताणलं की ती सुटणारच. माझ्या पिशवीत सुई-दोरा आणि वेल्क्रोचा तुकडा असतोच. दुप्पट लांबीची पट्टी हाताने टाचली आणि झिपेच्या टोकावर कापडाची एक घडी शिवली.

दरम्यान आबांची पाळी झाली. त्यांच्या अंगावर पांढरा सदरा, पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले, मनगटाला सुतळी, डोक्यावर मी शिवलेली टोपी-जाळी. माशी नेहमी वर चढते, म्हणून खालची भोकं बंद केली की निम्मं काम झालं. हात उघडेच. त्यांनी चौकट अशी उचलली की एकही माशी उडाली नाही. पोरगा गाडीतून बघत होता.

"ताई," आबा निघताना म्हणाले, "अशा चार टोप्या करा. गड्यांनाही लागतील." पैसे जागेवर मोजून दिले. पुढच्या हंगामात ते सरांकडून पेट्याही नेणार आहेत.

पोरगा मंगळवारी दुकानात आला, कान अजून लालच. सूट दोन्ही कुशींना उसवून पट्ट्या घालायच्या, समोरची जाळी काळी बदलायची, असं ठरलं. बाह्यांना अंगठ्याचा फासही मी सुचवला, म्हणजे हात वर केला तरी बाही मागे सरकत नाही. धुवायचा कसा, विचारत होता. सुगंधी पावडर नको, साधा साबण, पण धुवायचा प्रत्येक वेळी, कारण रुतलेल्या काट्यांचा वास कापडात राहतो आणि पुढच्या वेळी माश्या तिथेच येतात. मध काढायच्या यंत्राचं काय करू, म्हणाला. आधी एक पेटी वर्षभर टिकवून दाखव, मी म्हटलं, आणि त्याला बोहरी आळीत पाठवलं, पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या घ्यायला.